पासष्टीनंतर स्टोमाच्या पिशव्या मेडिकेअरमधून कशा मिळवायच्या

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींना आधी एक गोष्ट सांगते. स्टोमाच्या (मल किंवा लघवी बाहेर यावी म्हणून ऑपरेशनने पोटावर केलेल्या तोंडाच्या) पिशव्या, त्वचेला चिकटणाऱ्या चकत्या, पेस्ट, पट्टा हे सगळं मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पार्ट बी या भागात येतं. पार्ट डी औषधांसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही. औषधांच्या दुकानात पार्ट डीचं कार्ड दाखवायचं, "हे बसत नाही" असं उत्तर ऐकायचं आणि मग वर्षभर खिशातून पैसे भरत राहायचं, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा), इलिऑस्टॉमी (लहान आतड्याचा) आणि युरोस्टॉमी (लघवीचा) या तिन्हींचं सामान पार्ट बी मध्ये बसतं.

माझ्या मिस्टरांना इलिऑस्टॉमी आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि हाताला कंप आहे, त्यामुळे कागदपत्रं आणि फोन माझ्याकडे असतात. ओळखीतून मला बरेच फोन येतात, त्यात मुलांकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांचेही असतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. २०२६ साली पार्ट बीचा नेहमीचा हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे आणि वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे मेडिकेअर पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, २८३ डॉलर. डिडक्टिबल भरून झालं की मेडिकेअरने ठरवलेल्या दराच्या ८० टक्के मेडिकेअर देते आणि २० टक्के आपण. मेडिगॅपची पुरवणी पॉलिसी असेल तर बहुतेक प्लॅनमध्ये ते २० टक्केही आपल्यावर येत नाहीत. त्यातला प्लॅन जी असेल तर फक्त डिडक्टिबल आपलं.

इथे नोकरी न केलेल्या आईवडिलांनाही पार्ट बी विकत घेता येतो. अट अशी की वय ६५ पूर्ण हवं आणि ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे वास्तव्य हवं. पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) फुकट मिळत नसला तरी पिशव्यांसाठी लागतो तो पार्ट बी. मात्र पात्र झाल्यावर वेळेत नाव नोंदवा. उशीर केलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड बसतो आणि तो सहसा पार्ट बी असेपर्यंत चालू राहतो.

सप्लायर निवडताना फोनवर दोन प्रश्न विचारा. तुम्ही मेडिकेअरमध्ये नोंदणीकृत आहात का? असाइनमेंट घेता का? नोंदणी नसेल तर मेडिकेअर एक पैसा देत नाही. असाइनमेंट घेणारा सप्लायर मेडिकेअरचा दर मान्य करतो आणि आपल्याकडून डिडक्टिबल नि २० टक्क्यांपलीकडे काही मागू शकत नाही. असाइनमेंट न घेणाऱ्याला मात्र कितीही रक्कम लावायला मुभा आहे. डॉक्टरांच्या फीवर असते तशी १५ टक्क्यांची मर्यादा या वस्तूंवर नाही. म्हणून "हो, आम्ही मेडिकेअर घेतो" एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. असाइनमेंट हा शब्द वापरूनच विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव नि तारीख लिहून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते सगळी लढाई डॉक्टरांच्या नोंदीत जिंकली किंवा हरली जाते. मेडिकेअरला तुमचं पोट दिसत नाही, लाल झालेली त्वचा दिसत नाही, रात्री तीनला बदललेली चादर दिसत नाही. त्यांना दिसते ती फाइल.

मेडिकेअरने प्रत्येक वस्तूची महिन्याची नेहमीची कमाल संख्या ठरवली आहे. खालून रिकामी करता येणाऱ्या पिशव्या महिन्याला २०, बंद पिशव्या ६०, पट्टा एक. ही संख्या ऐकून लोक गप्प बसतात. पण हा शेवटचा शब्द नाही. जास्त का लागतात याचं वैद्यकीय कारण डॉक्टरांच्या नोंदीत असेल तर जास्तही मंजूर होतात. गणित बघा. इलिऑस्टॉमीची पिशवी आठवड्यातून दोनदा बदलणाऱ्याला २० भरपूर झाल्या. पण वय वाढतं तसं वजन उतरतं, पोटाला घड्या पडतात, स्टोमाच्या बाजूला हर्निया येतो, त्वचा पातळ होते. मग चकती कडेने सुटते, पातळ मल तिच्याखाली शिरतो आणि रोज बदलावी लागते. रोज बदलली तर महिन्याला ३० लागतात. हे १० जास्त का, त्याचं उत्तर फाइलमध्ये हवं.

ह्यांच्या बाबतीत झालं ते सांगते. तपासणीच्या नोंदीत "इलिऑस्टॉमी आहे, तब्येत ठीक" एवढंच असायचं. ठीक असलेल्या माणसाला ३० पिशव्या कशाला लागतील, असं वाचणारा म्हणणारच. मी एक वही केली. तारीख, पिशवी लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, स्टोमा घड्याळ धरलं तर गळती कुठल्या आकड्याकडे झाली आणि त्वचा कशी होती. ती वही घेऊन स्टोमा नर्सकडे गेलो. तिने ह्यांना आडवं तपासलं, मग खुर्चीत बसवलं, मग थोडं पुढे वाकायला सांगितलं. वाकल्याबरोबर नऊच्या बाजूला एक घडी पडली आणि चकतीची कड तिथेच उचलली गेली. आडवं असताना ती घडी दिसतच नव्हती. तिने नोंदीत लिहिलं की स्टोमा त्वचेच्या पातळीत आहे, बसल्यावर नऊ वाजता खोल घडी पडते, मल पातळ आहे, सपाट चकती एक दिवसही टिकत नाही, त्वचा सोललेली आहे, बहिर्वक्र (मध्यभागी फुगीर) चकती आणि रोजचा बदल गरजेचा. डॉक्टरांनी त्यावर सही केली. वाढीव संख्या मंजूर झाली ती या पाच ओळींमुळे.

तुम्हीही असंच करा. पुसटसं "गळतं हो" म्हणून सांगू नका. किती तासांनी, कुठून, कुठल्या स्थितीत, ते सांगा. आणि बाहेर पडण्याआधी अदबीने विचारा, "हे नोंदीत लिहिलंत ना?" आपल्या पिढीला डॉक्टरांना असं विचारणं जड जातं. पण पेशंट पोर्टलवर नोंद वाचण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि काही राहिलं असेल तर भर घालायची विनंती करता येते.

ऑर्डर म्हणजे सप्लायरकडे जाणारा सहीचा कागद. त्यात पेशंटचं नाव किंवा मेडिकेअर क्रमांक, वस्तूचं वर्णन, संख्या, तारीख, डॉक्टरांचं नाव किंवा त्यांचा क्रमांक आणि सही हवी. नर्स प्रॅक्टिशनरची सहीही चालते. वस्तू बदलली किंवा संख्या वाढली की नवी ऑर्डर घ्या. सामान वर्षानुवर्षं चालू असलं तरी त्याची गरज अजून आहे असं दाखवणारी नोंद गेल्या १२ महिन्यांतली असावी. त्यामुळे वर्षातून एकदा तरी भेटीत स्टोमाचा विषय काढाच, मग ती भेट मधुमेहासाठी का असेना.

मेडिकेअर पैसे देते ते कोडवर, म्हणजे वस्तूच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकावर, कंपनीवर नाही. बहुतेक कोड ‘ए ४’ किंवा ‘ए ५’ ने सुरू होतात. एकाच कोडखाली वेगवेगळ्या कंपन्यांचा माल बसतो, म्हणून सप्लायर स्वस्तातला पाठवायला बघतो. आम्हाला एकाने न विचारता दुसऱ्याच कंपनीच्या चकत्या पाठवल्या होत्या, त्या ह्यांच्या त्वचेवर टिकेनात. तेव्हापासून ऑर्डरवर कंपनीचं नाव आणि खोक्यावरचा उत्पादन क्रमांक लिहून घेते, आणि खोकं आल्यावर सील फोडण्याआधी तो क्रमांक ताडून बघते. हवा तो माल एक सप्लायर देत नसेल तर दुसरा शोधायची आपल्याला मोकळीक आहे. नवा प्रकार वापरून बघायचा असेल तर आधी हॉलिस्टर, कोलोप्लास्ट, कॉन्व्हाटेक यांच्याकडून नमुने मागवा, ते फुकट मिळतात. बोटं थरथरत असतील किंवा नजर अधू झाली असेल तर आधीच कापलेल्या चकत्या आणि एकसंध पिशवी (चकती आधीच जोडलेली) यांबद्दल नर्सला जरूर विचारा. कात्रीने गोल कापणं जमेनासं झालं, हेसुद्धा नोंदीत लिहून घेण्यासारखं आहे.

कापडी कव्हराचे पैसे मेडिकेअर देत नाही, ती आपली हौस.

रिफिल आपोआप येत नाही आणि यायलाही नको. सप्लायरने दर वेळी विचारून आपला होकार घ्यायचा असतो. हातातलं सामान संपायच्या अंदाजे तारखेआधी ३० दिवसांच्या आत ते संपर्क करू शकतात आणि माल संपायच्या फार तर १० दिवस आधी पोचवू शकतात. घरी राहणाऱ्याला एका वेळी ३ महिन्यांपर्यंतचं सामान मिळतं, नर्सिंग होममध्ये (कायम शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी केंद्रात) एका महिन्याचं. फोन आला की "आहे अजून थोडं" असं मोघम बोलू नका. मोजून आकडा सांगा. 

यानंतरची गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि बिल आल्यावर धक्का बसतो. पडल्यामुळे, जखमेमुळे किंवा ऑपरेशननंतर घरी नर्स यायला लागली, म्हणजे मेडिकेअरची होम हेल्थ सेवा सुरू झाली, की त्या काळात पिशव्या पुरवण्याची जबाबदारी त्या एजन्सीची असते. नर्स गुडघ्याच्या जखमेसाठी येत असली तरी हाच नियम. तेवढ्या काळात नेहमीच्या सप्लायरने माल पाठवला तर त्याचा क्लेम नाकारला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी नर्सला स्टोमा दाखवा आणि वापरता त्या वस्तूंची यादी हातात द्या. सप्लायरला फोन करून सेवा सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख कळवा. हॉस्पिटलनंतर पार्ट एच्या खर्चाने पुनर्वसन केंद्रात राहत असाल तर तिथेही पिशव्या केंद्राने द्यायच्या असतात.

मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन (मूळ सरकारी मेडिकेअरऐवजी खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेला) असेल तर हे सामान तिथेही मिळतं, पण सप्लायर त्यांच्या नेटवर्कातला लागतो आणि पूर्वमंजुरी मागितली जाऊ शकते. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलण्याआधी नव्या कंपनीला विचारा की स्टोमाचं सामान कोणाकडून घ्यायचं आणि हवा तो माल त्यांच्याकडे आहे का. माझं स्पष्ट मत असं की स्टोमा असलेल्या माणसाने परवडत असेल तर मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप धरून ठेवावं. वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू झाल्यापासून ६ महिने मेडिगॅप कंपनी तब्येतीच्या कारणावरून नाही म्हणू शकत नाही. ती मुदत टळली की बहुतेक राज्यांत तब्येतीचे प्रश्न विचारून नाकारू शकते. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्क इथले नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. ६५ व्या वर्षी पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतलं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅपकडे परत फिरता येतं, तेव्हा निर्णय लांबवू नका.

क्लेम नाकारला गेला तर घाबरू नका आणि लगेच पैसेही भरू नका. आधी मेडिकेअरच्या वेबसाइटवर किंवा टपालाने येणाऱ्या सारांशपत्रात कारण वाचा. कधी ऑर्डरवर सही राहिलेली असते, कधी होम हेल्थच्या तारखा आड येतात, कधी संख्या जास्त असते. पहिल्या दोन्हींत सप्लायरला फोन करून काम होऊ शकतं. संख्येचा प्रश्न असेल तर अपील करा. मूळ मेडिकेअरमध्ये सारांशपत्र मिळाल्यापासून १२० दिवसांची मुदत असते. सोबत नर्सची नोंद, डॉक्टरांचं दोन परिच्छेदांचं पत्र आणि वहीच्या पानांच्या प्रती जोडा. आमच्या पत्रात मी डॉक्टरांना विनंती करून एक वाक्य घालून घेतलं होतं, की पिशव्या कमी केल्या तर त्वचेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका आहे.

मेडिकेअर पैसे देणार नाही असं वाटत असेल तर सप्लायर आधी एक सूचनापत्र सहीसाठी पाठवतो. त्यात तीन पर्याय असतात. वस्तू हवी असेल आणि अपिलाचा हक्कही राखायचा असेल तर पहिला पर्याय निवडा, म्हणजे क्लेम मेडिकेअरकडे जातो. दुसऱ्यात क्लेम जातच नाही, मग अपील कशावर करणार?

मदत लागली तर १-८००-६३३-४२२७ हा मेडिकेअरचा फोन, तिथे दुभाषा मागता येतो. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवाही आहे. तिथली माणसं कुठलाही प्लॅन विकत नाहीत, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटतो.

हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांसाठी शेवटचं. देशाबाहेर घेतलेल्या सामानाचे पैसे मेडिकेअर सहसा देत नाही. निघायच्या दोन-तीन महिने आधी सप्लायरशी बोलून रिफिलची तारीख प्रवासाच्या जवळ आणा. मुक्काम लांबणार असेल तर वरचा माल स्वखर्चाने घ्यावा लागेल हे धरून चला, आणि खोक्यांवरच्या उत्पादन क्रमांकांचे फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे तिथे त्याच कंपनीचा माल शोधता येतो. सगळं सामान हातातल्या बॅगेत ठेवा आणि चकत्या घरीच कापून न्या, म्हणजे विमानात कात्री लागत नाही.