परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी हे बघा
सगळ्यात आधी १२० तासांचा टेफल कोर्स (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवायची याचं प्रशिक्षण) करा, पण ज्यात खऱ्या वर्गासमोर उभं राहून शिकवायला मिळतं तोच घ्या, नुसते व्हिडिओ बघून काही होत नाही. सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा सर्टिफिकेट कोर्स महाग पडतो पण त्यात किमान ६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं आणि मागे बसलेला ट्रेनर तुमचं प्रत्येक वाक्य टिपत असतो, तिथेच खरं शिकणं होतं. व्हॉलंटिअरिंगला हजारो रुपये फी मागतात तेव्हा पैसे कुठे जातात ते सरळ विचारा. आणि प्लीज, टुरिस्ट व्हिसावर शिकवू नका, बऱ्याच देशांत बिनपगारी कामही काम धरतात! दक्षिण कोरियाचा ई-२, म्हणजे भाषा शिक्षकांचा व्हिसा तर इंग्रजी शिकवण्यासाठी मुख्यतः ठरावीक ७ देशांच्या नागरिकांना मिळतो, म्हणून अर्जाआधी पासपोर्टची अट वाचा, डिग्रीचं अपोस्टील (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणूनचा सरकारी शिक्का) लवकर करून ठेवा.