रॉडला गाइड बसवताय? या चुका टाळा

मासेमारीचा रॉड घरी बांधायचा तर ब्लँक (नुसती काठी), गाइड (लाइन ओवायच्या कड्या), ते बांधायचा दोरा, वरून लावायचा एपॉक्सी (कालवून लावायचा चिकट लेप) सगळं आता घरपोच येतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पोरं आधी गाइडचा तयार सेट मागवतात, मग ब्लँक, आणि रील (लाइन गुंडाळायची चरखी) सगळ्यात शेवटी, पगार झाला की. हा क्रम पार उलटा आहे. रॉडची लांबी बघून गाइड किती लागतील याचा अंदाज येतो (फुटांत लांबी अधिक एक, टिप टॉप म्हणजे शेंड्याची कडी वेगळी, हा जुना हिशेब अजून चालतो). पण ते किती नंबरचे घ्यायचे ते रील आणि लाइन ठरवते. रील हातात नसेल तर गाइड मागवू नका.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे स्पिनिंग रॉडला बेटकास्टिंगचे गाइड. बेटकास्टिंगमध्ये स्पूल (रीलमधली लाइन गुंडाळलेली रीळ) स्वतः फिरतो, लाइन सरळ निघते, त्यामुळे रीलकडून पहिला गाइड 10 चा किंवा 8 चा आणि पुढे 6 चे असले तरी भागतं. स्पिनिंगमध्ये स्पूल जागेवर असतो आणि लाइन वेटोळी घेत सुटते. ती वेटोळी हळूहळू आवळत नेणं हे पहिल्या दोन-तीन गाइडचं काम. त्यासाठी पहिला गाइड मोठा, उंच फ्रेमचा आणि रीलपासून पुरेसा लांब हवा. पण छोट्या गाइडचा सेट स्वस्त पडतो, रॉडही नाजूक दिसतो, मग मोह आवरत नाही.

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याचा एक पोरगा असाच सात फुटी रॉड घेऊन आला. रील 4000 नंबरची, पहिला गाइड 10 चा, तोही बुटक्या फ्रेमचा आणि रीलपासून जेमतेम दीड वीत. म्हणाला, “काकाजी, रीलच खराब निघाली ना, लाइन पुढे जातच नाही.” खिंडसी तलावावर टाकून दाखवायला सांगितलं. लाइन पहिल्या गाइडवर थडथड आपटत होती, ब्लँकला चापट्या मारत होती, आणि थोड्याच वेळात ब्रेडचा (विणलेल्या लाइनचा) गुंता गाइडच्या मागे गच्च अडकला. तीच रील माझ्या रॉडला लावली तर लुअर (नकली आमिष) आरामात दूर गेला. मग सगळे गाइड काढणं आलं. ब्लेड चालवायचं ते गाइडच्या पायावर, म्हणजे खाली धातू असतो, असं मी बजावलं होतं. पठ्ठ्यानं घरी जाऊन घाईघाईत एका ठिकाणी सरळ ब्लँकवरच चालवलं. कार्बनचे धागे कापले गेले आणि पुढे रॉड वाकवून बघताना तिथूनच तडकला. सेटमध्ये वाचवलेले पैसे ब्लँकमध्ये गेले.

2500-3000 च्या रीलला जुन्या पद्धतीनं 30, 20, 12 आणि पुढे 8 चे गाइड बसतात. मला नवी पद्धत आवडते: उंच फ्रेमचा 25 किंवा 20, मग 10, आणि पुढे 6 किंवा 5.5 चे. शेंडा हलका राहतो. वेटोळी कुठपर्यंत आवळायची यासाठी एक हिशेब आहे: स्पूलच्या पुढच्या कडेचा व्यास गुणिले 27. व्यास 46 मिमी असेल तर 1242 मिमी, म्हणजे रीलपासून साधारण सव्वा मीटरवर पहिला छोटा गाइड. मी हा आकडा फक्त सुरुवातीला धरतो. गाइड चिकटपट्टीनं लावतो, बिनगळाचं शिसं बांधतो आणि मैदानात फेकून बघतो. रेशीमबागेत क्रिकेटवाले शिव्या घालतात, म्हणून उजाडताच जावं. लाइन ब्लँकवर आपटल्याचा आवाज आला की पहिला गाइड इंच-दीड इंच पुढे-मागे सरकवायचा. हे न करता थेट दोरा गुंडाळायला बसणाऱ्यांना मी सल्ला देणं बंद केलंय.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे मायक्रो, म्हणजे अगदी छोट्या गाइडचं वेड. गाइडवरचा नंबर हा साधारणपणे रिंगच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, भोकाचा नव्हे. आणि रिंग जितकी जाड, तितकं भोक लहान. स्वस्त ॲल्युमिनियम ऑक्साइडची रिंग जाड असते, सिलिकॉन कार्बाइडची पातळ. म्हणून एकाच नंबरच्या दोन गाइडमधून एकच गाठ एकातून सटकते, दुसऱ्यात अडकते. खरेदीआधी तुमच्या ब्रेडला तुमचाच लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा वेगळा तुकडा) तुमच्या नेहमीच्या गाठीनं बांधा आणि ती गाठ गाइडमधून दोन्ही दिशांनी ओढा. डबल युनी गाठ जाड होते, एफजी गाठ सडपातळ. बोटाला टक जाणवली की एक नंबर वर जा. फक्त मरळसाठी बेडकाचा लुअर टाकणार असाल आणि जाड ब्रेड थेट लुअरला बांधत असाल तर गाठीचा प्रश्नच नाही, मग करा हौस. पण शेवाळात लाइन चिखल-काड्या घेऊन येते, तेव्हा 4 चा गाइड किती वैताग देतो ते तुमचं तुम्हाला कळेल.

टिप टॉपची रिंग त्याच्या लगेच आधीच्या गाइडपेक्षा लहान घेऊ नका. त्याच्या नळीचं माप वेगळं असतं आणि बऱ्याचदा इंचाच्या चौसष्टाव्या भागात लिहितात: 5 म्हणजे साधारण 1.98 मिमी. व्हर्नियरनं मोजा, डोळ्यानं नको. चिकटवायला एपॉक्सी नको, हॉट मेल्ट (गरम करून लावायचा गोंद) वापरा. बदलायची वेळ येतेच.

गाइड वर असलेल्या बेटकास्टिंग रॉडवर लाइन ओवून रॉड वाकवा. दोन गाइडच्या मध्ये लाइन ब्लँकला टेकली तर तिथं मोठा गाइड लावून काही होणार नाही. एक गाइड वाढवा किंवा आहेत ते जवळ घ्या.

शेंड्याकडे दोन पायांचे जड गाइड लावू नका. ब्रेड वापरायची आणि बिननावाच्या रिंगा घ्यायच्या, हेही नको, चर पडतात. कान साफ करायची कापसाची काडी रिंगमधून फिरवा, तंतू अडकला की रिंग फेकून द्या.

राहता राहिला एपॉक्सी. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी कालवला तर ब्रश फिरेस्तोवर घट्ट होतो, आणि कूलर लावला तर त्या ओलाव्यानं वर धुरकट, चिकट थर येतो. पहाटे, कूलर बंद करून, एका वेळी दोन-तीन गाइडपुरताच कालवा. घाम येणारच, फक्त तो रॉडवर टपकू देऊ नका.