जिथे बोलायला मिळतं तिथे ठरत नाही : इंटरनेट कारभाराच्या वाटाघाटींत उतरणाऱ्यांसाठी

आयजीएफ (इंटरनेट कारभारावर चर्चा करायचं संयुक्त राष्ट्रांचं व्यासपीठ), आयकॅन (इंटरनेटवरची नावं आणि पत्ते सांभाळणारी संस्था), आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना), डब्ल्यूएसआयएस (माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद, जिनिव्हा आणि ट्युनिस इथे झालेली) ही नावं तुमच्या कानावरून गेली आहेत असं धरून चालते. गेली नसतील तर एका संध्याकाळी वाचून होतील. मला सांगायचंय ते वेगळंच: जिथे बोलायला मिळतं तिथेच सगळं ठरतं, हा समज. मी त्यात अडकले होते आणि नव्याने येणारे बहुतेक जण अजूनही अडकतात.

आयजीएफ २००६ पासून दरवर्षी भरतो. २००८ साली तो हैदराबादलाही भरला होता. तिथे नागरी संस्थेचा माणूस मंत्र्याच्या शेजारी बसून बोलतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात, घरी परतल्यावर सत्कारही होतो. पण तिथे कुठल्याही मसुद्यावर वाटाघाटी होत नाहीत. डब्ल्यूएसआयएसमधून २००५ साली निघालेल्या ‘ट्युनिस अजेंडा’ या दस्तऐवजाने त्याची घडणच तशी ठेवली: चर्चा भरपूर, बंधनकारक काही नाही. त्याच अजेंड्याचा ३५वा परिच्छेद वाचून ठेवा. इंटरनेटच्या सार्वजनिक धोरणाचा अधिकार सरकारांचा, आणि नागरी संस्थांची भूमिका महत्त्वाची, पण ‘विशेषतः समुदायाच्या पातळीवर’. या शेपटावरून अजून भांडणं होतात.

ठरावांचा मजकूर ठरतो न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात. डब्ल्यूएसआयएसच्या वीस वर्षांचा आढावा २०२५ साली झाला, तेव्हा केनिया आणि अल्बानियाचे राजदूत सहसमन्वयक, म्हणजे वाटाघाटी पुढे नेणारे, होते. त्यांनी आम्हा नागरी संस्थांसाठी सल्लामसलतीची सत्रं ठेवली. ओळीओळीवरची घासाघीस मात्र सरकारांची आपापसात. सत्र ऑनलाइन असेल तर तिथल्या उन्हाळ्यात सकाळचं आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतं, दुपारचं रात्री साडेबाराला. झोप मोडून जागायचं, दोन-तीन मिनिटं बोलायचं, सहसमन्वयक आभार मानतात आणि पुढच्याला पुकारतात. या आभारांना आश्वासन समजू नका.

आता सावकाश सांगते, कारण सगळं इथेच फसतं. वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचं चार पानी निवेदन वापरता येत नाही. त्याला परिच्छेदाचा क्रमांक हवा, आत्ताचे शब्द हवेत, त्याऐवजी कोणते घालायचे ते हवेत आणि कारण एका ओळीत हवं. ‘नोंद घेतो’ काढून ‘वचन देतो’ घाला, एवढंच. शिवाय तुम्ही सुचवलेले शब्द आधी एखाद्या ठरावात मान्य झालेले असतील तर सोन्याहून पिवळं. अशा मजकुराला तिथे ‘अ‍ॅग्रीड लँग्वेज’ म्हणतात. ती पुढे केली की समोरच्या देशाला नाही म्हणणं जड जातं, कारण तो एकदा हो म्हणून बसलेला असतो. म्हणजे तुमचं खरं काम भाषण लिहिणं नाही, जुने ठराव चाळणं आहे. कंटाळवाणं आहे. तेच करायचं.

एवढं करूनही वेळ चुकली तर सगळं पाण्यात. विकसनशील देश अशा वाटाघाटींत बऱ्याचदा जी-७७ गटातून बोलतात. नावात ७७, पण सदस्य १३४, वर चीनची साथ. गटाची भूमिका एकदा बांधली गेली की ती तुमच्या-माझ्यासाठी कुणी सोडून बसत नाही. म्हणून सूचना दिल्लीला पोहोचायला हवी ती पहिला मसुदा फिरायच्या आधी. कुणाकडे पाठवायची तेही नीट बघा: आयटीयूचं काम दूरसंचार विभागाकडे, आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीतली खुर्ची इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, न्यूयॉर्कमधला मोर्चा परराष्ट्र खात्याच्या मिशनकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद तिथेच राहतो. उत्तर बहुधा योग्य टेबलावरूनही येत नाही, पण म्हणून तो वाचला गेला नाही असं नसतं. त्यावर खचू नका.

आयकॅनचं तंत्र निराळं. तिथल्या धोरण-गटांत साधा माणूसही सभासद होऊन मसुद्यावर काम करू शकतो. नवख्याने हात बसवायला तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत. आयटीयूत उलट: बरीचशी कागदपत्रं पासवर्डमागे आणि आत जायचा रस्ता देशाच्या शिष्टमंडळातून. २०१२च्या दुबई परिषदेच्या वेळी मसुदे फोडणारी एक वेबसाइटच निघाली होती, यावरून काय ते समजा.

फेलोशिप जरूर घ्या, तिकिटाचे पैसे कुणाकडे असतात? पण गळ्यातल्या बिल्ल्यांचा संग्रह म्हणजे अनुभव नव्हे. गुरू निवडताना त्याची भाषणं ऐकू नका. एखादा परिच्छेद दाखवा आणि हे वाक्य कुठून आलं ते विचारा. सांगता आलं तर त्याचं बोट धरा. आणि एआयकडून निवेदन लिहून घेऊन पाठवायचा नवा धंदा निघालाय तो करू नका. एकाच साच्याची पन्नास निवेदनं आली की तुमचं खरं असलेलंही त्या ढिगात जातं.

आणखी एक खटकतं. एआय, गोपनीयता, सुरक्षा असा विषय असला की आपल्याकडच्या लोकांची गर्दी. विकास आणि निधीचा निघाला की खोली ओस. आयटीयूच्या अंदाजाने २०२४ साली २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. त्यांच्यापर्यंत केबल न्यायचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न त्या ओस खोलीत असतो. हे दुखणं जुनं आहे. ट्युनिसलाही निधीचा मुद्दा इंटरनेटवर ताबा कुणाचा या भांडणाखाली दबला. नवख्याला तिथे जागा लवकर मिळते, हा त्यातला फायदा.

हे वाचून घाबरला असाल तर एवढं बघा. २००३ साली डब्ल्यूएसआयएसच्या जिनिव्हा परिषदेच्या तयारी-बैठकांत नागरी संस्थांना मसुदा बनतानाच बाहेर काढत. शेवटी त्यांनी स्वतःचा वेगळा जाहीरनामा काढला. आयजीएफला आधी पाच वर्षांची मुदत होती, मग आणखी पाच, मग दहा. डिसेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो कायमचा केला. नागरी संस्थांची ही मागणी कितीतरी वर्षांची. काम मुंगीच्या पावलांनी चालतं, पण चालतं.

सरावासाठी २०२५च्या त्या आढाव्याचा पहिला मसुदा आणि अंतिम दस्तऐवज उतरवून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून निधीचा भाग ओळीने वाचा. कुठलं क्रियापद मऊ झालं, कुठला आकडा गळला, त्यावर पेन्सिलने खूण करा. मग प्रत्येक खुणेसमोर लिहा: हे कुठल्या देशाला नको होतं?