बोलणं अडखळतं आणि परत येतं, तेव्हा काय करावं

सत्तरीतल्या माणसाच्या हातातून कप निसटतो, शब्द ओठांशी येऊन अडतात आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, ‘छोटा ॲटॅक येऊन गेला.’ म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला. असेलही. पण कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये आठवडेच्या आठवडे साचत गेलेलं रक्तही हेच सोंग आणतं. दोन्हींतला फरक घरी कळत नाही, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, अगदी ॲस्पिरिनसुद्धा, स्कॅनआधी देऊ नका. आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका.

बरं वाटलं तरी त्याच दिवशी, लगेच इमर्जन्सी विभागात न्या. त्रास सुरू असताना घड्याळ बघा, जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टर तपासतील तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं. मुंग्या बोटांतून दंडाकडे, मग गालाकडे हळूहळू सरकल्या की सगळं एकदम बधिर झालं, हे नक्की सांगा. सरकत जाणारा त्रास साध्या रक्तपुरवठ्याच्या अडथळ्यात सहसा दिसत नाही.

मग मागचे तीन महिने आठवा. ‘पडलात का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘कपाटाचं दार डोक्याला लागलं होतं का?’ असं विचारा. वयानुसार मेंदू आकसतो, त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, त्यामुळे किरकोळ धक्काही पुरतो. साचलेल्या रक्ताभोवती पडदा तयार होतो, त्यातल्या नव्या नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा पाझरतात, आणि साठा वाढत राहतो. गोळ्यांची पाकिटं आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी एक गोळी) चालू असल्यास शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) सोबत ठेवा.

पहिली तपासणी सीटी स्कॅन. इथे एक खाच आहे: साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे रक्त मेंदूसारख्याच राखाडी रंगाचं दिसतं. दोन्ही बाजूंना असेल तर मेंदू एकीकडे सरकलेलाही दिसत नाही आणि नजर चुकते. शंका उरली तर एमआरआयबद्दल विचारा. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून हे निदान बाद होत नाही.

साठा पातळ असेल तर काही वेळा फक्त पुन्हा स्कॅन करत लक्ष ठेवतात. दाब पडत असेल तर कवटीला लहान छिद्रं पाडून रक्त काढतात आणि पुन्हा साचू नये म्हणून एक-दोन दिवस नळी ठेवतात. तरीही काहींना परत साचतं. घरी आल्यावर डोकेदुखी वाढली, झोप अनावर झाली किंवा चालताना पाय ओढला जाऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.