कुंडीतल्या जेडला खत: किती, कधी आणि केव्हा मुळीच नाही

आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ या एकाच नावाने दोन निरनिराळी झाडे विकली जातात, आणि खताचा विचार करण्याआधी आपल्या गॅलरीतले झाड त्यांपैकी कोणते आहे हे पाहून घेणे बरे. क्रॅसुला ओव्हाटा या खऱ्या जेडची पाने जाड, चकचकीत, अंगठ्याच्या पेराएवढी असतात आणि खोड करडे, मांसल असते. पोर्तुलाकारिया आफ्रा या दुसऱ्या झाडाची पाने नखाएवढी व गोलसर असून कोवळ्या फांद्यांवर लालसर झाक असते. दोन्ही झाडे मूळची दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या, खडकाळ भागातली. दुसरे झाड थोडे वेगाने वाढते, त्यामुळे त्याला खत किंचित अधिक वेळा चालते. बाकी पद्धत सारखीच असली तरी येथे मुख्यतः पहिल्याविषयी लिहिले आहे.

जेडला खत कमी का लागते, हे त्याच्या जगण्याच्या पद्धतीवरून कळते. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची रंध्रे उघडतात. जेड ती रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचा वापर करते. वनस्पतिशास्त्रात या पद्धतीला नावच क्रॅसुलाच्या कुळावरून पडले आहे. यात पाण्याची मोठी बचत होते, पण वाढ सावकाश होते, आणि सावकाश वाढणाऱ्या झाडाला नत्र, स्फुरद, पालाश हे सारेच थोडे पुरते. गुलाबाला किंवा जास्वंदीला जी मात्रा द्यावी तीच जेडला दिली, तर वापरले न गेलेले क्षार मातीतच साचत राहतात.

माझ्या हातून एक चांगले सहा वर्षांचे जेड याच समजुतीच्या अभावी गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होतो म्हणून सगळ्या कुंड्यांना घातले तसे त्यालाही दोन मुठी शेणखत घातले. शेणखत पुरते कुजलेले नव्हते, कुंडी पावसात होती आणि माती महिनाभर वाळलीच नाही. जुलैत हात लागला तरी पाने गळू लागली, आणि बुंध्याशी खोड दाबून पाहिले तेव्हा ते उकडलेल्या बटाट्यासारखे बोटाखाली दबले. शेंड्याच्या दोन निरोगी फांद्या तेवढ्या वाचल्या. त्या आठवडाभर सावलीत सुकवून लावल्या, आणि आजचे झाड त्यांतल्याच एका फांदीचे आहे.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. इंग्रजी पुस्तकांत एप्रिल ते सप्टेंबर खत द्यावे असे सांगितलेले असते. ते थंड देशांच्या उन्हाळ्याला धरून आहे. आपल्याकडे त्या काळात एक तर कडक ऊन असते, नाही तर पाऊस. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा जेड वाढ थांबवून नुसते तग धरते, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेमुळे कुंडी लवकर वाळत नाही. या दोन्ही वेळी खत देऊ नये. महाराष्ट्रात खरी योग्य वेळ दोनदा येते: फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आणि पावसाळा संपून माती वाळू लागली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तरीही पंचांगापेक्षा झाडाचा शेंडा पाहावा. जेडची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. शेंड्याच्या दोन पानांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी, फिकट पोपटी नवी जोडी डोकावत असेल तर झाड वाढीला लागले आहे असे समजावे. ती दिसत नसेल तर थांबावे. नुकत्याच आणलेल्या किंवा कुंडी बदललेल्या झाडाला दीड-दोन महिने काहीही देऊ नये, आणि मुळे न फुटलेल्या फांदीला तर खताचा काहीच उपयोग नसतो.

कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत जेडला पुरेसे आहे. या आकड्यांचा अर्थ असा, की त्यात नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के आहेत. जेडसाठी लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून आधी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे अंदाजे एक सपाट चमचा, खत विरघळवावे आणि त्यातले १०० मिलिलिटर घेऊन ९०० मिलिलिटर साध्या पाण्यात मिसळावे. उरलेले द्रावण साठवून न ठेवता चौपट पाणी घालून जास्वंदीला किंवा गुलाबाला द्यावे. नुसते नत्र देणारा युरिया जेडला घालू नये. जास्त नत्राने दोन पानांमधली पेरे लांबतात, फांद्या मऊ पडून झुकतात, पानांची लाल कड फिकी होते आणि अशा कोवळ्या वाढीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो.

कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही ओतू नये. आधी थोडे साधे पाणी देऊन माती ओलावू द्यावी, अर्ध्या तासाने खताचे पाणी कडेकडेने सावकाश घालावे आणि तळाच्या छिद्रातून निथळू लागले की थांबावे. बशीत साचलेले पाणी लगेच फेकावे. हे संध्याकाळी करावे, आणि पानांवर उडालेले थेंब पुसून घ्यावेत, कारण वाळल्यावर त्यांचे पांढरे डाग राहतात. प्रत्येक हंगामात महिन्याच्या अंतराने दोनदा, म्हणजे वर्षात चार वेळा, एवढे खत भरपूर झाले.

रासायनिक खत नको असेल त्यांनी दर दोन वर्षांनी कुंडी बदलताना मातीत दहावा हिस्सा चाळलेले गांडूळखत मिसळावे; उरलेल्या भागात लाल माती आणि भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे निम्मे-निम्मे घ्यावेत. माझ्या मते घरगुती जेडसाठी हाच सर्वांत निर्धास्त मार्ग आहे. मात्र केळीच्या सालींचे पाणी, तांदळाचे धुवण, आणि विशेषतः दूध-साखर घातलेल्या चहाचा चोथा जेडच्या कुंडीत घालू नये. हे पदार्थ मातीत आंबतात, मुंग्या लागतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूणही पसरतो.

खत जास्त झाले तर माती ओलसर असूनही पाने सुरकुततात आणि त्यांची टोके तपकिरी होऊन वाळतात, कारण मातीतल्या क्षारांमुळे मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. मातीवर पांढरा थर दिसला तर तो बोअरवेलच्या जड पाण्याचाही असू शकतो, पण उपाय एकच: वरची बोटभर माती काढून टाकावी, कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून निथळू द्यावे, आणि माती पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. त्यानंतर निदान सहा महिने खत बंद ठेवावे. वाळलेली टोके परत हिरवी होत नाहीत, म्हणून झाड सावरले की नाही हे जुन्या पानांवरून न ठरवता शेंड्याच्या नव्या जोडीवरून ठरवावे. ती घट्ट आणि तुकतुकीत उमलली, तर मुळे पुन्हा कामाला लागली आहेत.