राइट-क्लिक बंद करू नका, फोटो लहान करा

पैठणला आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. वेबसाइटवरचे फोटो अन् वर्णनं दुसरेच उचलून लावायचे, म्हणून राइट-क्लिक बंद केलं. चोर स्क्रीनशॉट काढून मोकळे. अडलं ते गिऱ्हाईक. जालन्याच्या एका ताईंना साडीचा कोड कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईना! ते कुलूप काढून टाकलं. आता असं करतो:

१. मूळ फोटो आपल्याकडेच ठेवायचा, साइटवर १,००० पिक्सेल रुंदीची प्रत. मोबाइलवर ती छान दिसते, पण ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके, चांगल्या छपाईचं माप) छापली तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. पानही पटकन उघडतं.

२. दुकानाचं नाव फिकट अक्षरांत, पदरावरच्या मोरांवरून तिरपं. कोपऱ्यात टाकलेलं नाव कापायला कितीसा वेळ लागतो?

३. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये फीडसाठी (साइटवरचा नवा मजकूर आपोआप बाहेर पुरवणारी सोय) 'एक्सर्प्ट' निवडा. फीडवरून उचलणाऱ्याला सारांशच मिळतो.

४. वर्णनात एक वाक्य अगदी आपल्या बोलीतलं घालायचं आणि महिन्यातून एकदा ते दुहेरी अवतरणचिन्हांत गूगलवर शोधायचं. नक्कल करणारे ते वाक्यही जसंच्या तसं ठेवतात, हसू येतं.

सापडलं की आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, मग निरोप. तरी ऐकलं नाही तर गूगलच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार.

एक सांभाळा: मोर, कमळ, असावलीची वेल ही परंपरेची नक्षी, ती कुणा एकाची नाही. तक्रार फक्त आपल्या फोटोची आणि मजकुराची करा.