महालक्ष्म्यांच्या उरलेल्या जेवणाचा ओव्हनमधला थराचा भात: रस्सा आधी आटवा

सगळ्यात आधी एकच सांगणं: भाजीचा रस्सा आटवून घ्या. यादीतलं बाकी काही चुकलं तर निभावून जातं. हे चुकलं तर पाऊण तासानं ओव्हनमधून जे बाहेर येतं ते वरून सोनेरी आणि खालून आंबील असतं. मागच्या वर्षी नेमकं हेच राहिलं, म्हणून ही यादी, आणि म्हणूनच ही गोष्ट पुढे आणखी तीन-चारदा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

भात, भाजी, दुधाचा सॉस आणि चीज थरांनी लावून ओव्हनमध्ये भाजायचं, पुस्तकी नाव कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्यांचा गरम डबा डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे थराचा भातच म्हणू. ज्येष्ठा नक्षत्रावर महालक्ष्म्यांचं जेवण होतं, मूळ नक्षत्रावर विसर्जन. विसर्जनाच्या संध्याकाळी घरात कोणाला पुन्हा कढई चढवायची इच्छा नसते आणि फ्रीजमध्ये मात्र सोळा भाज्यांची भाजी, भात, वरण आणि वडे डब्याडब्यांत बसलेले असतात. हा पदार्थ त्या संध्याकाळचा, चार-पाच माणसांपुरता.

तयारी मात्र जेवणाच्या दिवशीच सुरू होते, आणि ती भातापासून. नैवेद्य बाराला, पहिली पंगत एकला, शेवटची चारला, आणि भाताचा गंज (पातेलं) तोवर ओट्यावर झाकलेला: हे नको. भाद्रपदातला नागपूरचा दमट उकाडा भाताला सोसत नाही. शिजवलेल्या भातात टिकून राहणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की नंतर कितीही गरम केलं तरी ते जात नाही. त्यामुळे ‘ओव्हनमध्ये जाणारच आहे की’ ही समजूत इथे कामाची नाही. बेकला जाणारा भात शेवटच्या पंगतीतून उरेल तो नव्हे. दुपारीच ३ वाट्या (२०० मिलीची वाटी) वेगळा काढा, परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. खोल डब्यात दाबून भरलेला भात मधून तासन्‌तास कोमट राहतो. भाजीलाही तोच नियम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वापरा, तिसऱ्या दिवसावर ढकलू नका. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेला भात प्रसादाचा असला तरी यात घालू नका.

आता काय घ्यायचं नि काय नाही. भात, सोळा भाज्यांची भाजी, ६-७ वडे, घट्ट वरण असेल तर अर्धी वाटी. कढी, आंबील, पंचामृत, कोशिंबीर, पुरण यांतलं काही नको. कटाच्या आमटीचा मोह होतो, पण तिच्यात चिंच असते आणि वर दुधाचा सॉस पडणार, म्हणजे फाटणार. आमटी पिऊन टाका, दुसऱ्या दिवशी तशीही ती जास्त चांगली लागते. भाजी डोळ्यांखालून घाला: शेवग्याच्या शेंगा काढा, नाहीतर प्रत्येक घासाला चोथा, मक्याच्या कणसाचे तुकडे असतील तर दाणे सुरीनं उतरवून बुरकुंडं फेका, आमसुलं, कढीपत्त्याच्या काड्या काढा. कारलं ठेवा. चीजखाली त्याचा कडूपणा छान लागतो, घरातल्यांना सांगायची गरज नाही.

आणि आता रस्सा. सोळा भाज्यांमध्ये दोडका, पडवळ, लाल भोपळा, काकडी ही सगळी पाण्याची मंडळी. रात्रभर फ्रीजमध्ये बसून ती आणखी पाणी सोडतात, म्हणून काल ताटात घट्ट वाटलेली भाजी आज डब्यात तरंगत असते. ती तशीच थरात घातली तर फॉइलखाली त्या पाण्याला जायला जागा नाही. वाफ होते, फॉइलला लागते, परत खाली पडते. भात ते पितो, फुगतो, शितं फुटतात आणि चीजखाली खिमट होतं. वर रंग छान आलेला असल्यामुळे वाढेपर्यंत कळतही नाही.

करायचं असं. चार वाट्या भाजी चाळणीत ओता, खाली गंज ठेवा, दहा मिनिटं निथळू द्या, दाबू नका. साधारण अडीच वाट्या फोडी वर राहतात, दीड वाटी रस्सा खाली येतो. फोडी बाजूला. भाजी सगळी एकत्र आटवायला गेलात तर रस्सा आटेपर्यंत भोपळ्याची चटणी होते, म्हणून फक्त रस्सा आटवायचा, आणि तोही पसरट कढईत. उभ्या गंजात आटायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढा धीर कोणाला नसतो. आच मोठी. सुरुवातीला मोठे, पाणीदार बुडबुडे येतात आणि आवाज खळखळ असतो. मग बुडबुडे लहान होतात, आवाज जड, फदफद असा येतो. तेव्हा सराट्यानं (उलथन्यानं) कढईच्या बुडाशी एक रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर पाणी आहे. हळूहळू मिटली तर अजून दोन मिनिटं. सराटा उचलल्यावर रेघेतून कढईचं बूड तीन-चार सेकंद दिसत राहिलं की झालं. दीड वाटीची अर्धी वाटी उरली पाहिजे. आठ-दहा मिनिटांचं काम आहे, आणि हीच आठ-दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो.

चून (बेसन) किंवा कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट करणं म्हणजे आटवणं नव्हे. पाणी तिथल्या तिथेच असतं, फक्त दिसत नाही, आणि चव पातळच राहते. ‘ओव्हनमध्ये आटेल’ हेही खरं नाही. कारण वर सांगितलंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा दिवाळीत हाच प्रकार पाटोडीच्या (बेसनाच्या वड्यांच्या) रश्शाचा करणार असाल तर आणखी सोपं: आटताना कडेला तर्री (तेलाचा तवंग) सुटते, ती चमच्यानं वाटीत काढून ठेवा, पुढे लागेल. पाटोड्या मात्र रश्शातून आधीच काढा, त्या आत भिजून फुटतात.

आटलेला रस्सा फोडींवर ओता, हलक्या हातानं हलवा, सगळं एकदा चटका लागेल इतकं गरम करून घ्या. भातही फ्रीजमधला थेट नको: हातानं मोकळा करा, पाण्याचा एक हबका मारून झाकून वाफ आणा. गार थर घातले तर वरचा भाग करपायला येतो आणि मध्य गारच राहतो. वरण घेतलं असेल तर ते भाताला चोळा, पण चमच्यावरून न ओघळणारंच. ओघळत असेल तर तेही आटवा. हो, तेही.

सॉस: ३ टेबलस्पून लोणी, ३ टेबलस्पून मैदा, ३७५ मिली दूध. लोणी वितळलं की मैदा मंद आचेवर दोन मिनिटं, रंग बदलू न देता. कच्चा राहिला तर सॉसला पिठाची चव येते. दूध गार, तीन वेळा करून, दर वेळी गुठळी मोडेपर्यंत घोटत. चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला, बोट फिरवल्यावर वाट राहिली, की उतरवा. मिरपूड घाला. मीठ घालू नका. रस्सा आटवला तेव्हा पाणी गेलं, मीठ सगळं उरलं आहे. वर चीजचं मीठ वेगळं. पाटोडीची आवृत्ती करणार असाल तर तिचं तिखटही आटून वाढलेलं असतं, तिथे सॉस थोडा जास्त लागतो, ५०० मिली दुधाचा करा आणि लोणी-मैदा ४-४ टेबलस्पून.

चीज १०० ग्रॅम, आधीच आणून किसून ठेवलेलं. तार हवी असेल तर मोझरेला, नुसता रंग आणि खारटपणा हवा असेल तर साधं प्रोसेस्ड चालतं. वडे हातानं जाडसर चुरा, मिक्सर नको, पीठ होतं. त्या चुऱ्याला एक टेबलस्पून तेल चोळा किंवा ती काढलेली तर्री. पावाच्या चुऱ्यापेक्षा हा कुरकुरीतपणा कितीतरी वरचा आहे, शिळे वडे याच्यासाठीच असतात.

भांडं २० बाय २० सेंटिमीटर, ५ सेंटिमीटर खोल, म्हणजे दोन लिटरचं. याहून खोल घेतलं तर मध्य तापत नाही. काचेचं असेल तर फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही, आणि ओव्हनमधून थेट ओल्या ओट्यावर तर मुळीच नाही, तडकतं; लाकडी पाट किंवा दुमडलेला कोरडा कपडा आधी मांडून ठेवा. काच नसेल तर फॉइलचे डबे नागपुरात इतवारीच्या बाजारात मिळतात, खाली ताटली सरकवून उचला, नाहीतर मधून वाकतात. ओटीजी (ओट्यावरचा लहान विजेचा ओव्हन) १५०० वॉटचा असला तर साडेसहा अँपिअर ओढतो, तो मिक्सरच्या लहान प्लगवर लावू नका, मोठ्या तीन पिनांच्या प्लगवर लावा. आणि आधी आत ठेवून पाहा भांडं जातं का. कडेनं दोन बोटं जागा हवी.

थर लावायला घ्यायच्या आधी थांबा. कढईत रेघ ओढली होती का? नसेल तर गॅस पुन्हा लावा. थर लागल्यावर उपाय नाही.

ओव्हन १८० अंशांवर, वर-खाली दोन्ही रॉड, १५ मिनिटं आधी चालू. भांड्याला तूप. निम्मा भात, न दाबता. सगळी भाजी. निम्मा सॉस. उरलेला भात, उरलेला सॉस कडांपर्यंत, चीज, वड्यांचा चुरा. वरून एक सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर सॉस उतू जाऊन रॉडवर जळतो. फॉइल सैल, चीजला टेकू न देता.

मधल्या खणात २५ मिनिटं झाकून, मग फॉइल काढून वरच्या रॉडवर ८ ते १० मिनिटं, समोर उभं राहून, कारण चुरा सोनेरीवरून काळा व्हायला एक मिनिट पुरतं. मध्यात सुरी घालून दहा सेकंदांनी बाहेर काढा: पातं चटका देणारं हवं. थर्मामीटर असेल तर ७५ अंश. पात्यावर पाणी ओघळत आलं तर काय राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. फॉइल न घालता १६० वर आणखी १५ मिनिटं द्या, थोडं सावरतं, पूर्ण नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर, वेळ तोच. काहीच नसेल तर कुकर: रिंग आणि शिटी काढून, आत स्टँड, मंद आच, ४० मिनिटं. वर रंग येत नाही, चुरा वेगळा तव्यावर परतून वाढताना घाला.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर थर धरत नाहीत. वरून सांभार (कोथिंबीर), लिंबू. उरलं तर पुन्हा ठेवू नका, दुसऱ्यांदा उरलेलं आहे ते.